वाचक विचारतात: माहिती द्यायची तर आहे, पण ती टिकणार कुठे?

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्याकडची माहिती तुम्ही ऑनलाइन किंवा ऑफिसात इतरांना देता तेव्हा नेमकी अडचण कुठे येते. खरं सांगते, इतक्या मेल येतील असं वाटलं नव्हतं. शिक्षक, सर्व्हिस इंजिनिअर, द्राक्षवाले, गडकोटवाले, घरी बसून काहीतरी लिहू पाहणाऱ्या मुली, आणि सगळ्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच, की द्यायची इच्छा आहे पण दिलेलं कुठे जातं तेच कळत नाही. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून त्यातले काही प्रश्न घेतलेत. नावं दिलेली नाहीत, फक्त ठिकाण दिलंय.

ताई, मी निवृत्त शिक्षक आहे. मराठी विकिपीडियावर आमच्या गावाबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या, म्हणून मी बसून सगळं लिहून काढलं, ग्रामदैवत, यात्रा, नळपाणी योजना कशी आली, तालमीतले पैलवान, सगळं. दोन दिवसांनी बघतो तर पाऊण लेख गायब आणि उरलेल्यात कोणीतरी "संदर्भ हवा" असं टाकून ठेवलेलं. माझं आयुष्य गेलं या गावात, मला पुरावा मागणारा हा कोण? (सातारा जिल्हा)

सर, राग येणं साहजिक आहे. पण आधी एक चांगली गोष्ट सांगते, तुमचं लिखाण गेलेलं नाहीये. लेखाच्या वर "इतिहास" म्हणून एक टॅब असतो तो उघडा, तिथे त्या पानावर आजवर कोणी कधी काय बदललं ते ओळीने दिसेल आणि त्यात तुमची आवृत्ती जशीच्या तशी सापडेल. ती आधी कॉपी करून स्वतःकडे ठेवा, म्हणजे जीव थोडा खाली पडेल.

आता तो माणूस कोण, तर बहुतेक तुमच्यासारखाच कोणीतरी, पगार नसलेला, रात्री जेवण झाल्यावर "अलीकडील बदल" बघत बसलेला. त्याला तुमचं गाव माहीत नाही आणि तुम्ही कोण तेही माहीत नाही. त्याच पद्धतीने उद्या कोणीतरी येऊन तुमच्या गावाबद्दल खोटंनाटं लिहील, अमुक घराणं मूळचं इथलं नाहीच वगैरे, आणि तेव्हा तुम्हीच म्हणाल की याला पुरावा कोणी विचारला नाही का. नियम दोघांना एकच लावावा लागतो, कारण स्क्रीनच्या पलीकडे माणूस दिसत नाही, फक्त त्याने दिलेला संदर्भ दिसतो.

ही पद्धत अशी का पडली याच्यामागे थोडा इतिहास आहे. विकिपीडियाच्या आधी त्याच मंडळींनी, म्हणजे जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी, २००० साली न्यूपीडिया नावाचा ऑनलाइन कोश काढला होता. त्यात लेख तज्ज्ञांनी लिहायचा आणि मग तो तपासणीच्या सात पायऱ्या चढून बाहेर यायचा. पहिल्या वर्षात दोन डझन लेखही पार पडले नाहीत, लोक कंटाळले. मग १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू केला तो उलट्या क्रमाने, आधी छापा मग तपासा, कोणीही लिहा आणि कोणीही दुरुस्त करा, आणि वर्षभरात लेख हजारोंनी झाले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तोही याच पद्धतीने. पण आधी छापायचं म्हटल्यावर तपासणी नंतर येणारच, आणि ती तुमच्या डोळ्यासमोर येते, म्हणून ती अपमानासारखी वाटते. मासिकात संपादक तुमचा लेख कापतो तेव्हा तुम्हाला त्याची लाल पेन्सिल दिसत नाही एवढाच फरक.

त्यामुळे आता असं करा. आधी तुमच्या "धूळपाटी"वर जा, ते तुमचं सरावाचं पान असतं, तिथे सहसा कोणी हात लावत नाही. तिथे लेखाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला छापील आधार शोधा. साताऱ्याचं इंग्रज काळातलं गॅझेटिअर, म्हणजे सरकारने काढलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, १८८५ चं आहे आणि राज्य सरकारने नंतर नवीन काढलं ते १९६३ चं, दोन्ही ऑनलाइन वाचायला मिळतात, मोठी गावं आणि यात्रा त्यात बऱ्याचदा सापडतात. लोकसंख्या, शाळा, पाण्याची सोय यासाठी २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका आहे, त्यात गावनिहाय तक्ते आहेत. नळपाणी योजनेची बातमी जिल्ह्याच्या दैनिकात तेव्हा नक्की आली असेल, तारीख मिळाली तर तेवढीही पुरते. आणि ज्याने तुमचा मजकूर उडवला त्याला लेखाच्या "चर्चा" पानावर सरळ विचारा की यातलं काय ठेवता येईल. भांडायच्या सुरात नको, पण गप्पही बसू नका, शंभरातले नव्वद जण पहिल्या खोडाखोडीनंतर परत येतच नाहीत असा माझा अंदाज आहे आणि मला खरा त्रास त्याचाच होतो, कारण गेलेला माणूस बहुतेक वेळा तुमच्यासारखा असतो, ज्याच्याकडे खरोखर माहिती आहे.

आता जे कुठेच छापलेलं नाही त्याचं काय, तालमीत कोण कोणाकडून शिकला, दुष्काळात विहीर कोणी खणली? इथे मला नियमाबद्दल मनापासून तक्रार आहे. ज्या गावांबद्दल आजवर कोणी लिहिलंच नाही त्यांना हा नियम जड जातो आणि शहरांना सोपा जातो, हे मान्य करायला पाहिजे. पण त्यावर उपाय नियम मोडण्यात नाही, छापण्यात आहे. यात्रेची स्मरणिका काढा, शाळेच्या वर्धापनाचा अंक काढा, तालुक्याच्या पेपरला लेख द्या, म्हाताऱ्या माणसांशी बोलून त्यांची नावं आणि तारखा घालून लिहा. मग दुसरा कोणीतरी संपादक त्याचा संदर्भ देऊ शकेल (स्वतःच लिहून स्वतःच संदर्भ देणं चांगलं दिसत नाही, ते दुसऱ्याला करू द्या). आणि मंदिराचे, तालमीचे, वेशीचे तुम्ही स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्याच मोफत फोटोसाठ्यावर, आजच चढवा, फोटोला कोणी छापील संदर्भ मागत नाही.

आमची कंपनी पॅकेजिंगची मशिनं बनवते आणि सर्व्हिसही आम्हीच देतो. मॅनेजमेंटने मोठा नॉलेज पोर्टल घेतला, पोस्ट टाकली की पॉइंट्स, पॉइंट्सवर शॉपिंग व्हाऊचर. वर्षभरात पोर्टल पीपीटीने भरलाय पण फील्डवर मशिन बंद पडलं की पोरं अजूनही जुन्या सिनिअरला फोन लावतात, आणि सिनिअर काही पोर्टलवर लिहीत नाहीत. टीम लीडर म्हणून मला विचारतात की तुमची माणसं शेअर का करत नाहीत. काय सांगू? (चाकण, पुणे)

सांगा की शेअर करतात, फोनवर करतात, रोज करतात, फक्त पोर्टलवर करत नाहीत. आणि व्हाऊचर दिल्यावर लोक व्हाऊचरसाठीच लिहिणार, त्यात त्यांची चूक काय.

तुमच्यासारखीच गोष्ट झेरॉक्स कंपनीत घडलीय आणि ती फार शिकण्यासारखी आहे. ऐंशीच्या दशकात ज्युलियन ऑर नावाचा एक मानववंशशास्त्रज्ञ, जो आधी स्वतः टेक्निशियन होता, झेरॉक्सच्या दुरुस्तीवाल्या लोकांबरोबर फिरला, त्यांच्या नाश्त्याला जेवणाला बसला. कंपनीची समजूत अशी की टेक्निशियन मॅन्युअल बघून मशिन दुरुस्त करतात. त्याने बघितलं की मॅन्युअलमध्ये नसलेलेच बिघाड जास्त त्रास देतात आणि ते सुटतात एकमेकांना किस्से सांगून, की अरे तसंच माझ्याकडे झालं होतं, एरर कोड दाखवत होतं एकाचा आणि बिघाड निघाला भलतीकडेच. कंपनीला हा वेळेचा अपव्यय वाटत होता, तोच खरा कामाचा भाग होता.

मग नव्वदच्या दशकात त्यांनी युरेका नावाची सिस्टिम काढली, आधी फ्रान्समध्ये. टेक्निशियनने आपली युक्ती थोडक्यात लिहायची, लक्षण काय, कारण काय, उपाय काय. ती दुसऱ्या अनुभवी टेक्निशियननी तपासायची, मॅनेजरने नाही, आणि पास झाली की ती लिहिणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना दिसायची. यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे पैशाचं बक्षीस नको असं टेक्निशियनच म्हणाले, कारण मग लोक आकडा वाढवायला बसतील आणि कोणाला किती मिळाले यावर भांडणं होतील. त्यांना हवं होतं ते नाव. दूरच्या देशातला अनोळखी माणूस तुमची युक्ती वापरून मशिन चालू करतो आणि त्याला माहीत असतं की ही तुमची, एवढं पुरतं. ब्राझीलमधला एक टेक्निशियन हजारो डॉलरचं अख्खं मशिन बदलायच्या बेतात होता आणि मॉन्ट्रिअलच्या टेक्निशियनची टिप वाचून त्याने काही सेंटचा किरकोळ पार्ट बदलला आणि काम झालं, हे उदाहरण त्या मंडळींनी पुढे बऱ्याच ठिकाणी सांगितलं.

तुमच्याकडे यातलं लगेच करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याला नवीन पोर्टल लागत नाही. सिनिअरला लिहायला बसवू नका, ज्या पोराने फोन केला त्याला काम झाल्यावर पाच ओळी लिहायला सांगा आणि वर सिनिअरचं नाव टाकायला सांगा, "अमुक साहेबांनी सांगितलं". सिनिअरने फक्त वाचून बरोबर की चूक एवढं म्हणायचं, तेही व्हॉइस मेसेजवर चालेल. शीर्षक पार्ट नंबरने नको, पोरं जे बोलतात त्याने द्या, "सीलिंगला सुरकुती येते", "सकाळी पहिली वीस पाऊचं तिरकी जातात", कारण शोधताना माणूस तेच टाईप करणार. प्रॉडक्ट वर्कफ्लो ऑप्टिमायझेशन असं कोणी मशिनसमोर उभं राहून शोधत नाही. आणि दर महिन्याला दोन तास सगळ्या फील्डवाल्यांना एकत्र बसवा, चहा द्या, अजेंडा देऊ नका.

पण एक गोष्ट तुम्हाला वरच्यांशी बोलावी लागेल आणि ती कोणत्याही सिस्टिमने सुटत नाही. सिनिअर माणूस गप्प बसतो तेव्हा दर वेळी तो खडूस असतो असं नाही. त्याने बघितलेलं असतं की बाजूच्या डिपार्टमेंटमध्ये सगळं लिहून घेतलं आणि पुढच्या वर्षी तिथे कॉन्ट्रॅक्टची माणसं आली. ही भीती खरी असेल तर त्याने लिहू नये असंच मी म्हणेन. खोटी असेल तर कंपनीने ती खोटी आहे हे वागून दाखवायला पाहिजे, ज्याने दहा जणांना शिकवलं त्याला प्रमोशनमध्ये त्याचं वजन मिळालं पाहिजे, नुसता टाळ्यांचा मेल नाही.

आमचा द्राक्ष उत्पादकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, माणसं चांगली आहेत, मोकळेपणाने सांगतात. पण तोच प्रश्न वीस वेळा येतो, डाऊनीला (वेलीवरच्या बुरशीच्या रोगाला) काय मारू, आणि चांगलं उत्तर गुड मॉर्निंगच्या फोटोखाली गाडलं जातं. कधी कधी दोन वर्षांपूर्वीचा मेसेज फिरत येतो आणि लोक तोच फवारा घेतात. (तासगाव)

हे शेवटचं जे लिहिलंत ना दादा, जुना मेसेज फिरत येतो, तेच सगळ्यात धोक्याचं आहे. बागेची माहिती नासते. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून कंटेनर अडकले होते ते तुमच्याकडे कोणी विसरलं नसेल, आदल्या हंगामापर्यंत ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं त्यानेच घात केला. मंजूर औषधांची यादी आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं हे बदलत असतं, त्यामुळे तारीख नसलेला सल्ला ग्रुपवर येऊच नये असा नियमच करा. प्रश्न विचारणाऱ्याने वाण, छाटणीनंतरचा दिवस, गेल्या आठवड्यात पाऊस किंवा दव होतं का आणि पानाचा खालून-वरून फोटो एवढं दिल्याशिवाय कोणी उत्तर द्यायचं नाही. आणि उत्तर देणाऱ्याने स्वतः मारून बघितलंय की दुकानदाराने सांगितलंय हे लिहायचं. सुरुवातीला लोक कुरकुर करतील, पंधरा दिवसांत सवय होते. औषधाच्या मात्रेसाठी मात्र ग्रुपवर विसंबू नका, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा चालू सल्ला आणि लेबल बघा.

बाकी गाडलं जाण्याचा प्रश्न सोपा आहे. ग्रुप हा बोलायला आहे, साठवायला नाही. एक साधं गुगल डॉक उघडा, त्यात डाऊनी, भुरी, करपा, उडद्या असे रोग-किडींचे भाग, लिंक ग्रुपच्या माहितीत टाका, आणि दर आठवड्याला एका सभासदाची पाळी, त्याने चांगली उत्तरं उचलून तारखेसह तिथे टाकायची. पाळीच लावा, एकाच हौशी माणसावर टाकलं की तो सहा महिन्यांत थकतो.

आणि तुमच्या भागाला हे मी वेगळं काय सांगणार. तास-ए-गणेश तुमच्याच तालुक्यातला, तो आणि सोलापूरकडचा सोनाका, दोन्ही वाण शेतकऱ्यांनीच थॉमसन या द्राक्षवाणाच्या बागेत वेगळी वेल बघून निवडून काढलेले, आणि त्यांच्या काड्या गावोगाव गेल्या. त्या काळी काडी द्यायला लोक मागेपुढे बघत बसले असते तर आज ती नावं आपल्याला ऐकायलाही मिळाली नसती.

मला विकिपीडियावर लिहायचंय, विषय माझ्या अभ्यासाचा आहे, रसायनशास्त्र. पण तिथे सगळे पुरुष दिसतात आणि कोणी उद्धट बोललं तर मला ते झेपणार नाही असं वाटतं. मूर्खपणा आहे का हा? (कोल्हापूर)

अजिबात नाही ग. जगभरच्या सर्व्हेंमध्ये विकिपीडियाच्या संपादकांत बायकांचं प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच येत राहिलंय, म्हणजे तुला जे दिसतंय ते खरंच आहे. आणि त्याचा परिणाम लेखांवर होतो. २ ऑक्टोबर २०१८ ला डोना स्ट्रिकलंडना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पानच नव्हतं. त्याआधी कोणीतरी त्यांच्यावर लेख लिहिला होता, तो त्याच वर्षी मे महिन्यात पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला होता. नियम चुकीचा होता असं नाही, पण बाईच्या कामाबद्दल बाहेर आधीच कमी लिहिलं जातं आणि मग तीच उणीव इकडे उतरते.

तू सुरुवात लेखाने करू नकोस. आधी मराठीतले रसायनशास्त्राचे लेख उघड, चुकलेली सूत्रं दुरुस्त कर, ऱ्हस्व-दीर्घ नीट कर, एखादा संदर्भ जोड. असे बदल सहसा कोणी उलटवत नाही आणि तुझं नाव लोकांच्या ओळखीचं होतं. टोपणनावाने खातं उघडलंस तरी चालतं, खरं नाव द्यायची सक्ती नाही. मार्च महिन्यात महिला दिनाच्या सुमाराला बऱ्याच ठिकाणी एकत्र बसून लिहायचे कार्यक्रम होतात, कॉलेजात एखादा घडवून आण, चार मैत्रिणी शेजारी बसलेल्या असल्या की उद्धट माणूस छोटा वाटतो. आणि कोणी खरंच वाकडं बोललं तर उत्तर देत बसू नकोस, "चावडी"वर, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, किंवा प्रचालकांकडे (तिथल्या ॲडमिनकडे) दुव्यासकट मांड.

मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश दोन्ही नेटवर आहेत. ते सरळ कॉपी करून विकिपीडियावर का टाकत नाहीत? माहिती तर सगळ्यांची असते ना? (नागपूर)

माहिती सगळ्यांची, वाक्यं लिहिणाऱ्याची. पानिपतची लढाई १७६१ साली झाली यावर कोणाचाही हक्क नाही, पण विश्वकोशातल्या लेखकाने ती ज्या शब्दांत लिहिली त्यावर आहे. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं तो हक्क चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं झालं आणि ते विकिस्रोतवर, म्हणजे विकिपीडियाच्याच ऑनलाइन ग्रंथालयात, टाकता येतं. केतकर १९३७ साली गेले, त्यांनी स्वतः लिहिलेलं कधीच मोकळं झालंय. विश्वकोश मात्र तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत सुरू केल्यापासून २०१५ च्या विसाव्या खंडापर्यंत असंख्य लोकांनी लिहिलाय, तो वाचायचा, स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि खाली खंडाचा संदर्भ द्यायचा. कॉपी केलेलं पकडलं की अख्खा लेख उडतो.

एक विनंती नागपूरकर म्हणून तुम्हाला करते. तुमच्या ओळखीत जुने मुद्रक, छोटी नियतकालिकं चालवणारे असतील तर त्यांच्या कॉम्प्युटरवर वीस-पंचवीस वर्षांचं मराठी जुन्या फॉन्टमध्ये पडलेलं असतं, ते युनिकोड (सगळ्या मशिनवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नाही, त्यामुळे ना शोधता येतं ना दुसऱ्या मशिनवर नीट उघडतं. ते बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, बसून प्रूफ बघावं लागतं एवढंच. कोश कॉपी करण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचं आहे.

आता काहीही एआयला विचारलं की मिळतं. मग लोकांनी एकमेकांसाठी लिहायचं कशाला? (ठाणे)

कारण एआयने ते कुठूनतरी वाचलेलं असतं, आणि ते "कुठूनतरी" म्हणजे लोकांनी एकमेकांसाठी फुकट लिहिलेलं. प्रोग्रामर लोकांचं स्टॅक ओव्हरफ्लो २००८ पासून चालू आहे, एकाने प्रश्न टाकायचा, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, चांगल्या उत्तराला मतं. चॅटजीपीटी आल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी त्याची उत्तरं तिथे चिकटवायला बंदी घातली, कारण ती वाचायला झकास आणि बऱ्याचदा चुकीची, आणि तपासणारी माणसं मोजकी. त्यानंतर तिथे प्रश्न येणंही खूप कमी झालं. म्हणजे माणूस आता खाजगीत मशिनला विचारतो, त्याला उत्तर मिळतं, पण ते दुसऱ्या कोणाला दिसत नाही आणि चुकलं असलं तर कोणी दुरुस्तही करत नाही.

आणि मराठीचं तर अजूनच अवघड. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींवर लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली, पण नेटवरचं मराठी लिखाण त्या मानाने फारच थोडं. साताऱ्याच्या सरांच्या गावची यात्रा, चाकणच्या मशिनची सुरकुती, यातलं एआयला काही माहीत नाही आणि विचारलं तर ठोकून देतो काहीतरी. तुम्ही स्वतः एकदा तुमच्या मूळ गावाबद्दल विचारून बघा, ग्रामदैवताचं नाव विचारा. भाषांतराला, शुद्धलेखनाला, टिपणं आवरायला एआय जरूर वापरा, मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण त्याने सांगितलेला संदर्भ खरंच अस्तित्वात आहे का ते उघडून बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका.

आमच्या दुर्गप्रेमींच्या ग्रुपचे ॲडमिन अचानक वारले. दहा-बारा वर्षांचे फोटो, वाटांचे नकाशे, शिलालेखांची वाचनं सगळं त्यांच्याच खात्यावर. घरच्यांना पासवर्ड माहीत नाही. आता काय? (रत्नागिरी)

वाईट वाटलं वाचून. तुमच्या प्रश्नाला जरा घाई आहे म्हणून थेट सांगते. घरच्यांना दुखवट्यात पासवर्डसाठी छळू नका, पण त्यांचा फोन आणि लॅपटॉप फॉरमॅट करू नका, विकू नका आणि सिमकार्ड बंद होऊ देऊ नका एवढं मात्र कोणीतरी जवळच्याने आजच सांगा. ओटीपी त्याच नंबरवर येणार. गुगल आणि फेसबुककडे मृत व्यक्तीच्या खात्यासाठी विनंती करायची सोय आहे, मृत्यूचा दाखला लागतो, वेळ लागतो आणि मिळेलच असं नाही. तोपर्यंत ग्रुपमधल्या प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये जे आलेलं आहे ते एका सामायिक ड्राइव्हवर टाकायला सुरुवात करा, गडाच्या नावाचे फोल्डर करून. पाच-पन्नास जणांकडे मिळून बरंच सापडतं.

मग जे हाती लागेल ते एका खात्यावर परत ठेवू नका. कंपनी मोठी असली म्हणून जागा पक्की असते असं नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, त्यावर मराठीच्या किती कम्युनिटी होत्या, कविता, ट्रेक, गावांच्या, आठवा. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. दोन्हीकडे आधी सूचना दिली होती आणि तरीही लोकांनी उतरवून घेतलं नाही, कारण ते काम कोणाचंच नव्हतं.

फोटो कॉमन्सवर जाऊ शकतात, पण ज्याने काढले त्याच्या परवानगीने, म्हणून गेलेल्या ॲडमिनच्या फोटोंसाठी त्यांच्या वारसांची लेखी संमती घ्या आणि श्रेयात त्यांचंच नाव ठेवा. वाटा आणि पाण्याची टाकी ओपनस्ट्रीटमॅपवर चढवता येतात, तो २००४ पासून लोकांनीच बनवलेला नकाशा आहे, २०१० च्या हैतीच्या भूकंपात स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहाचे फोटो बघून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते त्यावर काढून दिले होते आणि मदतवाल्यांनी तो वापरला. आपल्याकडे पावसात चुकलेल्या ट्रेकरला शोधायला गेलेल्यांनाही तोच नकाशा उपयोगी पडेल. जीपीएसने स्वतः चालून नोंदवलेली वाटच टाका, गुगल मॅपवरून उतरवलेली चालत नाही. शिलालेखांच्या वाचनांसाठी मात्र जाणकाराला दाखवून, ठसा किंवा स्पष्ट फोटो सोबत ठेवून, एखाद्या इतिहास मंडळाच्या अंकात छापून घ्या.

नवीन ॲडमिन तीन करा, त्यातला एक तिशीच्या आतला असू दे आणि एक रत्नागिरीबाहेर राहणारा. पासवर्ड बंद पाकिटात घालून तिघांपैकी दोघांच्या घरी एकेक ठेवा आणि घरच्यांना ते पाकीट कशाचं आहे हे सांगून ठेवा. सिमचं मात्र आजच बघा, रिचार्ज संपला की नंबर काही महिन्यांत दुसऱ्याला जातो.